थेम्सची शिडाची बार्ज आणि तिची चालती प्रतिकृती

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, एखादे लहानसे शिडाचे जहाज मांडून ठेवलेले असते. कोणी ते गोव्याच्या सहलीतून आणलेले असते, तर कोणाला आहेर म्हणून आलेले असते. त्याची शिडे खळ घालून कडक केलेली, दोर डिंकाने चिकटवलेले आणि सुकाणू खिळ्याने पक्के ठोकलेले असते. असे जहाज पाण्यात सोडले, तर बहुधा क्षणार्धात कुशीवर आडवे होईल. ते जहाजाचे चित्र आहे, जहाज नव्हे. शोभेची वस्तू म्हणून त्यात वावगे काहीच नाही. परंतु शेकडो वर्षे माणसाने केवळ वाऱ्याच्या बळावर माल कसा वाहिला, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याला ते काहीही शिकवू शकत नाही.

त्यासाठी चालती प्रतिकृती करावी लागते. चालती म्हणजे जिच्यातील प्रत्येक दोर मूळ जहाजातील दोराचेच काम करतो, जिचे शीड वाऱ्याने भरते आणि हवे तेव्हा आवळता येते, आणि जी तळ्याच्या एका काठावरून निघून वाऱ्याच्या उलट दिशेनेसुद्धा परत येऊ शकते, अशी प्रतिकृती. शोभेची प्रतिकृती खोटे बोलू शकते. चालतीला ते शक्य नाही. वारा आणि पाणी हे दोन परीक्षक असे आहेत, की ते कोणाची भीड धरीत नाहीत आणि कृपागुणही देत नाहीत.

आमच्या सरकारी शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला आठवी-नववीच्या दहा-बारा मुलांनी अशी एक प्रतिकृती करावयास घेतली, तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच हा आला, की जहाज कोणते निवडावे? मुलांच्या डोळ्यांसमोर आरमारी जहाजे होती. मी मात्र सुचवले ते इंग्लंडातील थेम्स नदीवरील शिडाच्या बार्जचे नाव. कारणे तीन होती. तिचा तळ सपाट आणि बाजू जवळजवळ उभ्या असल्याने नवशिक्या हातांनाही तिचा सांगाडा साधतो. तिचे बारकाव्यांसह आराखडे छापलेले आहेत. आणि तिसरे, महत्त्वाचे कारण म्हणजे अशा काही डझन बार्ज इंग्लंडात आजही शिडांवर चालतात. त्यामुळे एखादा दोर कशासाठी आहे, याचे उत्तर तर्काने नव्हे तर प्रत्यक्ष पाहून मिळते.

‘बार्ज’ हा शब्द आपल्या गोव्यातील वाचकांना नवा नाही. मांडवी आणि जुवारी नद्यांतून लोहखनिज वाहणाऱ्या लोखंडी बार्ज त्यांनी पाहिलेल्या आहेत. थेम्सची बार्ज मात्र लाकडी, इंजिनावाचून चालणारी. लांबी साधारण ८० ते ९० फूट, रुंदी २० फुटांच्या आसपास, आणि पोटात शंभर ते दीडशे टन माल. रिकामी असता ती जेमतेम तीन फूट पाण्यात तरंगे. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या खाड्या फार. कण्याचे खोल जहाज तेथे कलंडते. सपाट तळाची बार्ज मात्र चिखलावर एखाद्या बसक्या म्हशीसारखी निवांत बसते, आणि पुढच्या भरतीला उठून चालू लागते. त्यामुळे धक्का नसलेल्या खाडीतही शेतकऱ्याची गाडी थेट बार्जपाशी येई.

केंट परगण्यातील विटा आणि सिमेंट यांनी लंडन शहर उभे राहिले. त्यांतील बराच माल या बार्जनी वाहिला. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर घोड्यांच्या गाड्या धावत. त्या घोड्यांसाठी एसेक्स आणि सफोक येथून गवत-पेंढ्याच्या गंजी बार्जच्या पाठीवर रचून आणीत, आणि परतीच्या खेपेला त्याच घोड्यांची लीद शेतांसाठी खत म्हणून नेत. गंजी इतकी उंच असे, की सुकाणूवरील तांडेलाला समोरचे काही दिसत नसे. सोबती गंजीवर उभा राहून ओरडून वाट सांगे. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा दोन हजारांहून अधिक बार्ज कामावर होत्या. त्यांच्या शर्यतीही लागत; पहिली शर्यत १८६३ साली हेन्री डॉड या धनिकाने भरवली. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवून आणण्यासाठी जी लहानमोठी जहाजे धावली, त्यांत या बार्जही होत्या. त्यांपैकी १९२२ साली बांधलेली ‘पज’ आजही तरंगते आहे. पुढे मोटारी आणि इंजिने आली. निव्वळ शिडावर व्यापारी माल वाहणारी शेवटची ब्रिटिश बार्ज ‘केंब्रिया’ १९०६ सालची. तिने १९७० साली आपली अखेरची खेप केली. २००७ ते २०११ या काळात तिची संपूर्ण डागडुजी होऊन ती पुन्हा पाण्यात उतरली.

या बार्जचे खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. एवढे अवजड जहाज चालवावयास माणसे लागत किती? बहुधा दोन : एक तांडेल आणि एक सोबती, पुष्कळदा तो मुलगाच. हे शक्य झाले ते तिच्या शिडांच्या रचनेमुळे, आणि प्रतिकृती करणाऱ्याने समजून घ्यावयाची गोष्ट नेमकी हीच आहे.

तिच्या मुख्य शिडाला खालच्या बाजूस आडवी काठी नसते. डोलकाठीच्या पायथ्यापासून शिडाच्या वरच्या, दूरच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब तिरपी काठी जाते. तिला स्प्रिट म्हणतात. मोठ्या बार्जची ही काठी साठ फुटांच्या घरातली. ती कायम उभीच राहते. शीड उतरवण्यासाठी तिला खाली घ्यावे लागत नाही. त्याऐवजी शिडाभोवतून नेलेले आवळदोर खेचले, की नाटकाच्या पडद्यासारखे शीड डोलकाठीकडे गोळा होते. वादळ आले, धक्का जवळ आला, की सोबत्याने डेकवर उभे राहून हातरहाट फिरवायचा. काठीवर चढण्याचे कारण नाही. खाली आडवी काठी नसल्यामुळे मालाच्या तोंडावर अडथळा नाही, आणि पेंढ्याची गंजी रचली तर शिडाचा तळ तेवढा वर घेता येतो. मुख्य शीड आवळल्यावरही सर्वांत वरचे शीड उभेच राहते. नदीकाठच्या उंच गोदामांनी खालचा वारा अडवला, तरी ते छपरांवरून वाहणारा वारा पकडते.

सर्वांत मागे एक छोटे शीड असते, आणि त्याचा दोर सुकाणूला बांधलेला असतो. सुकाणू वळले की शीडही वळते व जहाजाचे ढुंगण ढकलण्यास मदत करते. सपाट तळाचे जहाज वाऱ्याने आडवे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराची एकेक मोठी फळी टांगलेली असते. तिला लीबोर्ड म्हणतात. आपण बगलफळी म्हणू. वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूची फळी पाण्यात सोडायची, दुसरी वर घ्यायची. उथळ पाणी आले की दोन्ही वर. आणि नदीवरचा पूल आडवा आला, तर डोलकाठी तिच्या चौकटीत बिजागरीसारखी मागे झुकवून, शिडे-दोरांसह डेकवर निजवता येते. पुलाखालून निसटल्यावर पुन्हा उभी करता येते. एवढे सारे कौशल्य कोणा एका संशोधकाचे नव्हे. पिढ्यान् पिढ्यांच्या सुतारांनी आणि खलाशांनी थोडे थोडे करून ते साधलेले आहे.

आता प्रतिकृतीकडे वळू. आम्ही प्रमाण घेतले ते १ ला २४, म्हणजे मूळचा एक फूट तेथे अर्धा इंच. ८४ फुटांची बार्ज साडेतीन फुटांची झाली. येथवर गणित चौथीच्या मुलालाही जमते. परंतु लांबी चोविसावा हिस्सा झाली म्हणून बाकी साऱ्याच गोष्टी चोविसावा हिस्सा होत नाहीत, आणि जहाजाची प्रतिकृती करणाऱ्यांची खरी परीक्षा येथेच सुरू होते.

फळ्यावर मांडलेला हिशेब असा. शिडाचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी. म्हणून ते २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पटींनी घटते. मूळची तीन हजार चौरस फुटांची शिडे प्रतिकृतीत सुमारे सव्वापाच चौरस फूट होतात. वजन घनफळाप्रमाणे चालते. ते १३,८२४ पटींनी घटते. मालासह २०० टन वजनाची बार्ज प्रतिकृतीत सुमारे साडेचौदा किलोची भरते. आता जहाज कलंडवणारा जोर पाहा. तो शिडाच्या क्षेत्रफळावर आणि शिडाच्या उंचीवर अवलंबून. वारा तोच धरला, तर तो १३,८२४ पटींनी कमी होतो. पण जहाजाला पुन्हा सरळ करणारा जोर वजन आणि रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून. तो ३,३१,७७६ पटींनी कमी होतो. म्हणजे त्याच वाऱ्यात प्रतिकृती मूळ जहाजापेक्षा २४ पट नाजूक!

हेच दुसऱ्या रीतीने सांगता येते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि प्रतिकृतीवरून मूळ जहाजाचे वर्तन जोखण्याची रीत घालून दिली. त्याच्या नियमाप्रमाणे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावयाचा. २४ चे वर्गमूळ सुमारे ४.९. तेव्हा तळ्यावर ताशी २० किलोमीटरची सुखद झुळूक असेल, तर आमच्या बार्जच्या दृष्टीने तो ताशी ९८ किलोमीटरचा झंझावात आहे. आणि मूळ बार्ज ताशी १५ किलोमीटरने जात असेल, तर प्रतिकृतीने ताशी तीन किलोमीटरने जावे, म्हणजे काठावरून रमतगमत चालणाऱ्या मुलाच्या बरोबरीने. त्याहून जोरात पळणारी प्रतिकृती डोळ्यांना गंमत देईल, पण खरी वाटणार नाही.

यावर उपाय जुनाच आणि सर्वमान्य आहे. बार्जच्या पोटाखाली वीत-दीड वीत खोल अशी धातूची पट्टी आणि तिच्या तळाशी शिशाची कांब लावायची. हा खोटा कणा दोन लांब आट्यांच्या सळ्यांनी मालाच्या कोठारातून आवळतात. पाण्याबाहेर काढल्यावर तो सोडवून ठेवला, की बार्ज पुन्हा आपल्या मूळ सपाट रूपात दिसते. लाकूड, काठ्या आणि यंत्रे मिळून पाच-सहा किलो झाली, तर उरलेले आठ-नऊ किलो शिसेच भरावे लागते. तेव्हाच पाण्याची रेषा भरल्या बार्जच्या रेषेशी जुळते. सुकाणूच्या मागेही पारदर्शक प्लास्टिकचा वाढीव तुकडा लावतात, कारण मूळ मापाचे सुकाणू एवढ्या मंद वेगात पुरेसे पाणी धरीत नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यास हे खटकेल. पण निसर्गाचे नियम प्रमाणात लहान करता येत नसतात, ही तडजोड समजून-उमजून केलेली आहे.

सांगाड्यासाठी पाण्यात न सुटणारे प्लाय वापरतात. आधी सपाट तळाची पट्टी, तिच्यावर ठराविक अंतराने आडव्या फासळ्या, आणि त्यांवर बाजूच्या लाकडी पट्ट्या. नाळेकडील आणि मागील वळण सोडले, तर पट्ट्या फारशा वाकवाव्या लागत नाहीत. जेथे लागतात तेथे गरम पाण्यात भिजवून वाकवायच्या. आमच्यातील एका मुलाचे वडील सुतार. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेले वाक्य मला फार मोलाचे वाटते : फळीवर जोर करायचा नसतो, तिला वाट दाखवायची असते. आतून-बाहेरून राळेचा हात दिल्यावर रिकामा सांगाडा घंगाळात ठेवून पाणी कोठून झिरपते ते पाहावे. डेक बसवल्यानंतर आत हात जात नाही.

शिडांसाठी कापड पातळ पण घट्ट विणीचे हवे. मूळ बार्जची शिडे तांबूस दिसतात, कारण तागासारख्या फ्लॅक्सच्या कापडाला मासळीच्या तेलात कालवलेला गेरू चोपडीत. आपल्या किनाऱ्यावर जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, त्यातलाच हा प्रकार. कापड कुजू नये हा हेतू. प्रतिकृतीला मात्र तेल-गेरू जड होतो. म्हणून कापड आधी तांबड्या रंगात उकळून मगच बेतावे. बेतताना शिडाची मोकळी, मागची कड विणीच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवावी. तिरपी कापली तर ती ताणली जाऊन शीड झोळीसारखे लोंबते.

दोरांत दोन जाती असतात. काही दोर काठ्यांना उभे धरतात. ते एकदा ताणले की हलत नाहीत. दुसरे कप्प्यांतून पळतात आणि शिडे चालवतात. शोभेच्या जहाजात कप्पी म्हणजे रंगवलेला मणी असतो. येथे तिच्यातील चाक खरोखरच फिरले पाहिजे, नाहीतर ओला दोर अडकतो. सुती दोरा भिजला की आखडतो, म्हणून पळत्या दोरांना पॉलिएस्टरचा दोरा बरा. स्प्रिटचा खालचा भार डोलकाठीवरून सोडलेल्या साखळीने पेलायचा, आणि तिचे वरचे टोक इकडेतिकडे झोके खाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना ताणदोर द्यायचे. मुख्य शिडाचा खालचा कोपरा डेकवरील एका आडव्या तुळईवर सरकतो. खलाशी तिला ‘घोडा’ म्हणत. पुढच्या शिडालाही असाच घोडा. वारा उजवीकडून डावीकडे गेला, की शीड आपोआप दुसऱ्या टोकाशी सरकते, कोणी हात लावावा लागत नाही. मूळ बार्जवर दोन माणसांना जे साधले ते आता काठावरील एका मुलाला दोन मोटरींवर साधते : रेडिओ-नियंत्रणाची एक मोटर सुकाणूला, दुसरी मुख्य शिडाच्या दोराला. पुढचे शीड घोड्यावर, मागचे सुकाणूबरोबर. तिसरी मोटर मिळाली तर ती आवळदोरांना द्यावी. चालत्या बार्जचे शीड पडद्यासारखे मिटताना पाहणे हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे.

पाण्यात सोडण्यासाठी पहाटेची वेळ उत्तम. तळ्यावर वारा मंद आणि एकसारखा असतो. पहिल्यांदा फक्त खोटा कणा लावून, शिडांवाचून, ती सरळ तरंगते का ते पाहावे. मग वाऱ्याला काटकोनात चालवावे. सर्वांत अवघड काम म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी जाणे. प्रत्येक वळणाला बार्ज तोंड वाऱ्यात घालून थबकते. मूळ बार्जवर अशा वेळी सोबती पुढचे शीड क्षणभर एका दोराने उलट बाजूला धरून ठेवी. वारा त्याच्यावर आदळून नाळ पलीकडे ढकली, आणि मग तो दोर सोडी. आमच्या मुलांनी पुस्तकात या दोराचे चित्र पाहिले होते, परंतु ‘हा जास्तीचा दोर कशाला?’ असे त्यांना वाटत होते. प्रतिकृती वळेना, तेव्हा त्या दोराचा अर्थ त्यांना उमगला. माझ्या मते चालत्या प्रतिकृतीची सारी महती या एका दोरात आहे. ज्या गोष्टीचा अर्थ पुस्तकातून कळत नाही, तो गरज पडल्यावर कळतो.

येथे वाचक विचारतील, की बेळगावच्या मुलांना थेम्सच्या बार्जचे काय एवढे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरच मला या लेखात सांगावयाचे आहे. इतिहासाच्या पुस्तकात आमची मुले गलबत, गुराब, मचवा, फत्तेमारी ही नावे वाचतात. परीक्षेत लिहितातही. परंतु गलबताचे शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूस कसे फिरवीत, असे विचारले तर विद्यार्थी गप्प, आणि आम्ही शिक्षकही गप्प. थेम्सच्या बार्जचा एक-एक दोर, एक-एक कप्पी नावानिशी नोंदलेली आहे, कारण ती नाहीशी होण्यापूर्वी जाणत्यांनी तिची मापे घेतली, तिच्यावर काम केलेल्यांना विचारले आणि काही बार्ज चालत्या ठेवल्या. आपल्या किनाऱ्यावरील जहाजे बांधणारे सुतार बहुधा कागदावर आराखडा काढीत नसत; मापे त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत असत. तो हात थांबला, की ते ज्ञानही थांबते. लाकडाचा सांगाडा एखाद्या वस्तुसंग्रहालयात उरेल. पण कोणता दोर केव्हा सोडायचा, हे सांगाड्याला सांगता येत नाही.

शिडावर माल वाहिलेले वृद्ध तांडेल आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. गोव्यात, कारवारकडे किंवा गुजरातच्या बंदरांजवळ राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी कोणाच्या शेजारात असे कोणी असेल, तर त्यांच्यापाशी जाऊन बसावे. ‘आजोबा, त्या काळी काय मजा होती?’ असे मोघम विचारू नये. कागदावर जहाजाची रेघोटी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवावी आणि एकेका दोरावर बोट ठेवून विचारावे : हा कशासाठी? वारा फिरला तर आधी कोणता सोडायचा? तो सोडायला किती माणसे लागत? जी नावे ते सांगतील ती त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावीत, मापे हाताने दाखवतील तर ती टेपने मोजावीत. मग घरातील मुलांना घेऊन एक लहानशी चालती प्रतिकृती करावी, आणि ती त्याच आजोबांसमोर पाण्यात सोडावी. कोठे अडले ते वारा सांगेल, आणि का अडले ते आजोबा सांगतील.

आमची मुले आता फत्तेमारीच्या मापांच्या शोधात आहेत. त्या शोधात आपली साथ मिळाली, तर फार बरे होईल.